भय आणि भरवसा : कर्जबाजारी विधवेचा पाठ

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७. जोडीने वाचावे : स्तोत्र ५६, नहेम्या ५:१-१३, मार्क ४:३५-४१.

शास्त्रात वर्णिलेल्या अद्भुत कृत्यांपैकी कित्येकांचा आरंभ रोगाने होतो, कित्येकांचा वादळाने किंवा भुकेने. प्रस्तुत पाठातील कृत्याचा आरंभ कर्जाने झाला आहे. ह्यास्तव आपल्या वाशीम जिल्ह्यातील मंडळ्यांना तो वाचताना आपण दूरदेशची कथा ऐकत आहो असे वाटण्याचे कारण नाही. घरधनी मरण पावला आहे. पाठीमागे बायको व दोन मुलगे आहेत. घरात विकण्याजोगे काही उरलेले नाही. आणि सावकार दाराशी येऊन ठेपला आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो भांडीकुंडी न मागता मुलेच गुलाम म्हणून मागत आहे.

हा मेलेला मनुष्य कोण होता, हे प्रथम नीट पाहावे. तो संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गातला होता आणि देवाचे भय बाळगून वागणारा होता. त्याची विधवा हे अलीशाला स्पष्ट सांगते, आणि अलीशा ते नाकारीत नाही. म्हणजे देवभक्त मनुष्य कर्जात मेला, ही गोष्ट शास्त्र उघडपणे नमूद करिते व त्याजवर दोषारोपाचा एक शब्दही काढीत नाही. त्याने उधळपट्टी केली होती काय, हे अलीशा विचारीत नाही. त्याची प्रार्थना कमी पडली असेल, असेही सुचवीत नाही. आपल्यामध्ये मात्र असे उपदेशक आढळतात, की ज्यांना एखाद्याच्या शेतातले पीक बुडाल्याबरोबर त्याच्या अंतःकरणातील विश्वास मोजण्याची घाई होते. ईयोबाच्या तीन मित्रांनी हेच केले आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप त्यांजवरच झाला. जेथे शास्त्र गप्प बसते तेथे उपदेशकानेही गप्प बसावे, हे बरे.

आपल्या जिल्ह्याची शेती बहुतांशी कोरडवाहू आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहाही तालुक्यांत सोयाबीन, तूर व कपाशी ही आकाशाकडे पाहूनच पेरावी लागतात. मृगाचा पाऊस पडून मध्येच उघाड पडली, की बियाणे जमिनीतच करपते व दुबार पेरणी करावी लागते. आणि दुबार पेरणी म्हणजे बहुधा दुबार कर्ज. पीक चांगले आले तरी मळणीच्या वेळी पाऊस आला तर गंजी भिजते. गंजी वाचली तर बाजारात भाव पडलेला असतो. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट शेतकऱ्याच्या पापाने घडत नाही. अशा जीवनात भय वाटणे हे स्वाभाविक आहे, आणि ज्याला ते कधीच वाटत नाही त्याच्या नावावर बहुधा शेत नसावे.

तेव्हा भय वाटणे हाच अविश्वास काय? दाविदाचे छप्पन्नावे स्तोत्र काळजीपूर्वक वाचावे. गथ येथे शत्रूंच्या हाती सापडलेला तो मनुष्य आपण भ्यालो हे लपवीत नाही. आपल्याला ज्या वेळी भय वाटेल त्याच वेळी आपण देवावर भाव ठेवू, अशा अर्थाचे तो बोलतो. भय अगोदर निघून जावे आणि मग भरवसा यावा, असा क्रम तो लावीत नाही. प्रत्यक्ष प्रभूविषयीही मार्काने लिहून ठेवले आहे की गेथशेमाने बागेत तो अतिशय अस्वस्थ व व्याकूळ झाला. आता तारवातील शिष्यांची गोष्ट पाहा. तेथे प्रभूने त्यांना भित्रेपणाबद्दल शब्द लावला हे खरे. परंतु मार्काच्या शुभवर्तमानात क्रम असा आहे, की प्रथम त्याने वारा व समुद्र शांत केला आणि मग त्यांना विचारले. बुडणाऱ्याला आधी वर काढावे व मग त्याच्याशी बोलावे, हा प्रभूचा शिरस्ता मंडळीच्या वडील मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तर मग प्रश्न भय येते की नाही हा नव्हे. आलेले भय आपल्याकडून काय करविते, हा आहे. भयाचे मुख्य काम लपविणे. आदामाने पाप केल्यावर प्रथम भयाची गोष्ट काढली ती झाडांआड लपल्याचे कारण म्हणून. कर्जाच्या भयाने ग्रासलेला मनुष्य हेच करितो. बँकेची नोटीस तो आढ्यात खोचून ठेवितो. खाजगी सावकाराचा आकडा बायकोला सांगत नाही. मुलीचे लग्न होईपर्यंत भावालाही कळू देत नाही. उपासनेस येणे कमी करितो, आणि आला तरी शेवटचे गीत होण्यापूर्वी उठून जातो. बाहेरून तो पूर्वीसारखाच दिसतो. आत मात्र तो एकटाच हिशेब करीत बसलेला असतो, आणि एकट्याने केलेल्या हिशेबात बेरीज नेहमी एकच येते.

त्या विधवेने ह्याच्या उलट केले. तिने ओरड केली. मूळ वृत्तान्तातील हा शब्द जोरदार आहे. ती कुजबुजली नाही. नवरा देवभक्त होता हे ती सांगते आणि त्याच दमात सावकार मुले न्यावयास आला आहे हेही सांगते. एकाने दुसऱ्याला झाकण्याचा तिचा यत्न नाही. माझ्या मते ह्या पाठातील विश्वासाचे पहिले कृत्य हेच होय. अद्याप तेल वाढलेले नाही, अलीशाने काही आज्ञाही केलेली नाही. पण कर्ज उजेडात आले आहे.

कर्ज लपविण्याने जे नुकसान होते ते घरधनी गेल्यावरही थांबत नाही, ही गोष्ट आपल्या भागात पुष्कळ घरांना माहीत आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास १ लक्ष रुपये साहाय्य देण्याची शासनाची तरतूद आहे. परंतु त्यासाठी जमीन व अधिकृत कर्ज कागदांनी सिद्ध करावे लागते. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज बहुधा कागदावर नसते. असले तरी ते जमिनीच्या विक्रीचा कागद म्हणून असते. मग त्या बिचाऱ्या बाईने कोणास काय दाखवावे? जी गोष्ट नवऱ्याने प्रेमापोटी तिच्यापासून लपविली, ती तिच्यावर दुसऱ्या मरणासारखी येऊन पडते.

येथे नहेम्याचा पाचवा अध्याय वाचावा. त्या काळी दुष्काळात लोकांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकून धान्य आणले आणि आपली मुलेमुली दास्यात दिली. त्यांनी मोठी ओरड केली तेव्हा नहेम्याने सावकारी करणाऱ्या सरदारांना सभेत बोलावून शेते व घरे परत करावयास लाविली आणि त्यांजकडून शपथ घेतली. हे काम त्याने प्रार्थना करणाऱ्या मनुष्याच्या धैर्याने केले, पण केले ते सभा भरवून व साक्षीदार ठेवून. आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली झालेला सावकारी नियमनाचा कायदा ह्याच प्रकारचे साधन आहे. परवान्यावाचून सावकारी करणे त्याअन्वये गुन्हा आहे. आणि सावकारीच्या व्यवहारात बेकायदेशीर रीतीने लिहून घेतलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास, दिलेला आहे. तेथे अर्ज करणारा ख्रिस्ती मनुष्य देवावरचा भरवसा सोडून मनुष्याच्या पाठीस लागला, असे कोणी म्हणू नये. नहेम्याला तसे कोणी म्हटले नाही.

आता अलीशाचा प्रश्न. त्या बाईपाशी घरात काय शिल्लक आहे, हे तो विचारितो. तिचे उत्तर मोठे मनुष्यस्वभावाला धरून आहे : प्रथम ती म्हणते काहीच नाही; मग, तेलाची एक कुपी सोडून, असे जोडते. भयाच्या दृष्टीला घर रिकामेच दिसते. विचारणारा कोणी भेटला म्हणजे कुपी आठवते. पाळकाने किंवा मंडळीच्या वडिलांनी कष्टी घरी जाऊन पहिला प्रश्न हाच करावा. किती एकर आहे, जनावरे किती, पीकविम्याचा हप्ता भरला होता काय, बाईच्या बचतगटाकडे तिचे काही आहे काय, मुलाच्या हाताला कोणते काम येते, हे बसून विचारावे आणि कागदावर मांडावे. अशी मांडणी पुष्कळांना प्रार्थनेपुढे हलकी वाटते. अलीशाला वाटली नाही.

त्यानंतरची आज्ञा विचित्र आहे. सर्व शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी उसनी आण, आणि थोडी आणू नको, अशा आशयाची ती आज्ञा होती. खेडेगावात राहणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. रिकामे भांडे मागावयास जाणाऱ्या बाईला प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न ऐकावा लागला असेल : घरात दाणा नाही, मग भांडे कशाला? तिला ते उत्तर गल्लोगल्ली द्यावे लागले असेल. देवाला तेल वाढवावयाचे होते तर तिच्या एकाच कुपीतून अखंड धार चालविणे त्याला अवघड नव्हते. पण त्याने शेजाऱ्यांची भांडी मागविली, आणि जितकी भांडी आली तितकेच तेल आले. तिची लाज जर तिसऱ्या दारावरून परत फिरली असती, तर तीन भांड्यांनीच तेल थांबले असते.

लाज ही भयाची सख्खी बहीण आहे. ह्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती मंडळीला पूज्य असलेल्या पंडिता रमाबाईंच्या घरातलेच आहे. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. तीर्थोतीर्थी पुराण सांगून ते कुटुंबाचा निर्वाह करीत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात टंचाई वाढली आणि पुराण ऐकून दक्षिणा देणारा कोणी उरला नाही. जवळचे द्रव्य संपले, भांडी व दागिने विकून झाले. कुटुंबातील कोणासही अंगमेहनतीचे काम माहीत नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटे. रानात झाडपाल्यावर दिवस काढल्यावर वृद्ध व अंध झालेल्या शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तो धर्मकृत्य मानला जाई. निरोप घेण्याची वेळ आली तेव्हा रमाबाईंच्या वडील भावाचे मन पालटले. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन आणि आईबापांस पोशीन, असे त्याने ठरविले, आणि बापाचा बेत राहिला. पुढे त्या काळच्या हालांत वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही थोड्याच अवधीत मरण पावली. म्हणून ही कथा सुखान्त आहे असे कोणी समजू नये. पण बाप पाण्यात गेला नाही. मुलांच्या सान्निध्यात गेला. एका मुलाने लाज सोडली एवढ्याने हे झाले.

रमाबाई तेव्हा कोवळ्या मुलगीच होत्या. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता पुण्यास आली तेव्हा त्यांना सर्वांच्या आधी कळले ते हे, की रस्त्यावरच्या त्या पोरी कोणत्या मनःस्थितीत असतील. तोपर्यंत त्या विधवा होऊन १४-१५ वर्षे लोटली होती, १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता आणि १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुण्यास चालू होते. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांसाठी कबूल केलेल्या साहाय्याची मुदत भरत आली होती. अशा वेळी आणखी तोंडे घरात आणणे हे हिशेबी मनुष्याला वेडेपणाचे वाटावे. त्या गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात इतक्या जणी ठेवण्याची सोय नाही, तेव्हा केडगावच्या माळरानावर घेतलेल्या जमिनीवर त्यांनी वस्ती केली. तीच मुक्ती. पुढे १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या २००० च्या जवळ गेली.

ह्या कार्याविषयी बोलताना कित्येक जण केवळ प्रार्थनेच्या उत्तरांचीच गणना करितात. ती उत्तरे खरी आहेत. १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली तेव्हा देवाचा ठेवा कधी आटत नाही, हाच तिच्या नावाचा भाव होता. परंतु मुक्तीत विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम व छापखाना चालला, आणि ज्या मुली दुष्काळात वेचून आणल्या त्यांनीच ही कामे शिकून केली. त्यांच्या वडिलांच्या घरात ज्याची उणीव होती ते, म्हणजे हाताचे काम, त्यांनी आपल्या घरात प्रथम आणिले. ह्यास कोणी भरवसा कमी पडल्याची खूण म्हणेल काय?

त्या १८९९-१९०० च्या दुष्काळाने आपल्या वऱ्हाडालाही सोडले नव्हते. वाशीम तेव्हा बासीम ह्या नावाने वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुनः वेगळा झाला. १८९९ साली पाऊस जवळजवळ आलाच नाही. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेले, आणि भुकेच्या पाठोपाठ पटकी आली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २८ लक्ष ९७ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे २७ लक्ष ५४ हजार भरली. ज्या घरांतून आपण उतरलो ती घरे ह्या आकड्यांतून पार होऊन आलेली आहेत. त्यांपैकी किती जणांनी प्रार्थना केली असेल, आणि त्यांतील किती मेले असतील! प्रार्थना करणारा मरत नाही, असे वचन देवाने दिलेले नाही. आणि जो उपदेशक तसे सांगतो तो दुष्काळ संपल्यावर सांगत असतो.

मग भरवसा ठेवावयाचा तो कशावर? विधवेने दार लावून घेतले तेव्हा आत तीन माणसे व एक कुपी होती. अलीशा तेथे नव्हता. शेजाऱ्यांना कौतुक दाखवावयाचे नव्हते. मुले भांडी पुढे सरकवीत होती आणि आई ओतीत होती. जी मुले सावकार नेणार होता त्याच मुलांच्या हातांनी देवाने काम करून घेतले, ही गोष्ट वाचताना पुष्कळदा निसटते. देव सावकाराला वाटेत अडवीत नाही, त्याला आजारी पाडीत नाही, कर्जही रद्द करीत नाही. तेल विकावे, ऋण फेडावे, आणि उरेल त्यावर मायलेकरांनी निर्वाह करावा, एवढाच हुकूम शेवटी होतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला बाजारात बसावे लागले, मापाने तेल द्यावे लागले, सावकाराच्या दारी जाऊन रक्कम मोजून द्यावी लागली. ज्यावर भाव ठेवला तो देव तिला घरातून उचलून दुसरीकडे नेत नाही; तो त्याच घरात, त्याच मुलांसह, त्याच गावात तिच्याजवळ राहतो.

एक व्यावहारिक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. काही मनुष्यांच्या ठायी भय इतके खोल जाते की झोप व अन्न तुटते, बोलणे थांबते आणि जीव नकोसा झाल्याची भाषा तोंडी येते. ही भाषा ऐकून घरच्यांनी रागावू नये, आणि केवळ प्रार्थना करून स्वस्थ बसू नये. अशा मनुष्यास एकटे सोडू नये. त्याला जीव देण्याचा विचार मनात येतो काय हे प्रेमाने व उघड विचारावे, कारण विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्याला दवाखान्यात न्यावे. १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस दूरध्वनी आहे. तेथे रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते व मराठीतही बोलणारे मिळतात. मन दुखणाईत होणे हे ताप येण्यासारखेच आहे. ज्या विश्वासी लोकांनी १९३८ साली वाशीम येथे रुग्णालय उघडले, आणि जे आज रेनॉल्ड्स मेमोरियल ह्या नावाने आपणास परिचित आहे, त्यांना देवावर भाव ठेवणे व औषध देणे ह्यांत विरोध दिसला नाही, डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या डॉक्टरीण बाईंनी तेथे कित्येक वर्षे प्रार्थनेने दिवसाचा आरंभ करून शस्त्र हाती धरिले.

पाठ शिकविणाऱ्यांस सूचना. हा शास्त्रभाग शक्य तेथे एखाद्या बाईकडून मोठ्याने वाचवावा. मग मंडळीस विचारावे : ती भांडी मागावयास गेली तेव्हा आपल्या गावात तिला कोणत्या दारी भांडे मिळाले असते व कोणत्या दारी बोलणे? आपल्या दारी काय मिळाले असते? ह्याचे उत्तर मोठ्याने देण्याचा आग्रह धरू नये. उपासना संपल्यावर पाळकाने किंवा वडिलांनी घाई न करता अर्धा तास मागे बसून राहावे; ज्याला बोलावयाचे असते तो सगळे गेल्यावरच उठतो. त्याने सांगितलेला आकडा गावात फुटता कामा नये, हे आधीच सर्वांसमक्ष बोलून ठेवावे.

पुढील रविवारचा शास्त्रभाग : १ राजे १७:८-१६, सारफथची विधवा. तो घरी वाचताना एवढे पाहून यावे, की तिच्या मडक्यातील पीठ काठोकाठ भरले असे कोठे लिहिले आहे काय.